वणव्याचा धूर आणि उडती धूळ सॅटेलाइटवरून कशी ओळखायची : नवीन लोकांसाठी पायरी-पायरीने

हवा गढूळ झाली की बरेच जण सॅटेलाइटचा फोटो उघडतात, त्यात राखाडी काहीतरी दिसतं आणि लगेच "धूर आला" म्हणून पुढे पाठवतात. कधी तो धूर असतो, कधी साधं धुकं, कधी समुद्रावर चमकणारं ऊन, आणि कधी खरंच धूर असतो पण चार-पाच किलोमीटर उंचावरून निघून चाललेला असतो, खाली श्वास घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. मला सुरुवातीला जे कुणी एका जागी सांगितलं नाही ते इथे क्रमाने लिहितोय. पैसे लागत नाहीत, कोडिंग लागत नाही, ब्राउजर आणि थोडी चिकाटी असली की झालं. एक गोष्ट मात्र आत्ताच पक्की करून टाका, एकट्या फोटोवरून निष्कर्ष काढायचा नाही. लोट कुठून निघाला, कसा सरकतोय, आणि जमिनीवरचे आकडे काय सांगतात, या तिन्हींचा मेळ बसला तरच बोलायचं.

१. आधी ही साधनं उघडून ठेवा

सगळी फुकट आहेत, नाव सर्चमध्ये टाकलं की सापडतात.

- नासा वर्ल्डव्ह्यू : रोजचे फोटो, २००० सालापासूनचे जुने फोटोही, त्यावर टाकायला शेकडो लेयर (माहितीचे थर). सुरुवात इथूनच करा.
- नासा फर्म्स : जगभरातल्या आगींचे ठिपके.
- स्लायडर : अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या सीरा संस्थेचं, दर दहा-पंधरा मिनिटांच्या फोटोंचा लूप बघायला.
- युमेटव्ह्यू : युरोपच्या मेटिओसॅटचे फोटो, आफ्रिका, युरोप आणि पश्चिम आशियाच्या धुळीसाठी फार चांगलं.
- कोपर्निकस ब्राउजर : सेंटिनेल सॅटेलाइटचा डेटा.
- हायस्प्लिट : हवा कुठून आली आणि कुठे चालली याची रेघ काढून देतं.
- कॅम्स : कोपर्निकसचाच भाग, धूर-धुळीचा पुढच्या पाच दिवसांचा अंदाज.

कागदपत्रं वगैरे काही नाही. कोपर्निकसवर डेटा उतरवून घ्यायचा असेल तर ईमेल देऊन खातं काढावं लागतं, बाकी नुसतं बघायला कुठेच अडत नाही. फोनवर हे सगळं उघडतं पण लेयर चालू-बंद करताना फार वैताग येतो, शक्य असेल तर मोठी स्क्रीन घ्या.

२. कुठला सॅटेलाइट कधी बघतो ते समजून घ्या

इथे गडबड झाली की पुढचं सगळं चुकतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सॅटेलाइट दोन जातीचे. पहिले ध्रुवांवरून फिरणारे. टेरा, ॲक्वा, सुओमी एनपीपी, नोआ-२०, नोआ-२१ हे त्यातले. हे जमिनीपासून सात-आठशे किलोमीटरवर असतात, त्यामुळे फोटो बारीक येतो, टेरा-ॲक्वावरच्या मोडिस कॅमेऱ्याचा एक पिक्सेल २५० मीटरपर्यंत आणि बाकी तिघांवरच्या व्हीर्सचा ३७५ मीटर. पण दिवसाउजेडी एका जागेवरून प्रत्येकजण साधारण एकदाच जातो. टेरा सकाळी, बाकीचे दुपारी दीडच्या आसपास. टेरा १९९९ मध्ये आणि ॲक्वा २००२ मध्ये सोडलेला आहे, दोघंही म्हातारे झालेत, त्यांच्या जाण्याच्या वेळाही सरकल्यात, म्हणून नव्याने शिकणाऱ्याने सवय व्हीर्सची लावावी असं माझं मत.

दुसरे भूस्थिर, म्हणजे ३६ हजार किलोमीटरवर एकाच जागी ठाण मांडून बसलेले. अमेरिका खंडांवर गोज, पूर्व आशिया-ऑस्ट्रेलियावर हिमावारी, आफ्रिका-युरोप आणि हिंदी महासागरावर मेटिओसॅट, भारतावर इन्सॅट. फोटो जरा जाडसर येतो पण गोज आणि हिमावारी दर दहा मिनिटांनी त्यांना दिसणारी पृथ्वीची आख्खी थाळी टिपतात, इन्सॅट अर्ध्या तासाने.

आता यातला सापळा बघा. दुपारी दीडच्या फोटोत आग दिसली नाही म्हणजे आग नव्हतीच असं होत नाही. शेतातला काडीकचरा जाळणं बऱ्याचदा दुपारनंतर उशिरा सुरू होतं आणि अंधार पडेपर्यंत विझूनही जातं, ध्रुवीय सॅटेलाइटच्या हाती काहीच लागत नाही. धुळीची वादळंसुद्धा गडगडाटी ढगांमुळे उठणारी असली तर बहुतेक संध्याकाळचीच असतात. अशा वेळी भूस्थिरच बघायचा.

आणि घड्याळ! सगळीकडे वेळ यूटीसी, म्हणजे जगभर एकच धरलेली प्रमाणवेळ, असते. तुमच्या घड्याळाचा आणि यूटीसीचा फरक एका चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवा, कारण रात्री उशिरा बघताना तारीख सुद्धा बदललेली असते आणि माणूस कालचा फोटो आजचा म्हणून बघत बसतो.

३. साध्या रंगीत फोटोत काय काय दिसतं

वर्ल्डव्ह्यू उघडलं की खालचा थर "करेक्टेड रिफ्लेक्टन्स, ट्रू कलर" असतो, म्हणजे डोळ्यांना दिसेल तसा फोटो. त्यात :

धूर निळसर राखाडी किंवा तपकिरी दिसतो, कडा अस्पष्ट, आणि पातळ असेल तर खालच्या नद्या-रस्ते अंधुक दिसत राहतात. एका टोकाला तो बारीक आणि दाट असतो, तिथेच आग. पुढे तो पसरत पातळ होत जातो, ओल्या कागदावर शाई फुटावी तसा.

धूळ पिवळट, तांबूस किंवा मातकट, जिथून उठली तिथल्या मातीच्या रंगाची. त्यामुळे नेहमी पिवळीच असेल असं धरू नका, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या व्हाइट सँड्सवरून उडणारी जिप्समची धूळ पांढरी असते. वाळवंटावर धूळ बघणं सगळ्यात अवघड कारण धूळ आणि जमीन एकाच रंगाची, पण तीच धूळ समुद्रावर गेली की निळ्यावर लख्ख उठून दिसते. म्हणून किनाऱ्याची बाजू आधी बघा.

धुकं पांढरंशुभ्र, गुळगुळीत, दऱ्याखोऱ्यांच्या आकारात भरलेलं आणि कडा स्पष्ट, आणि दिवस चढला की कडेकडून विरत जातं. धूर असा दरीच्या रेषा पाळत नाही, अपवाद पहाटेचा, तेव्हा थंड हवेत धूरही दरीत तुंबतो.

समुद्रावर रुपेरी चट्टा दिसला तर तो बहुतेक सूर्याचं प्रतिबिंब असतं, सॅटेलाइट एका फेरीत टिपतो त्या प्रत्येक पट्ट्यात तो त्याच जागी येतो. नदीच्या मुखाशी मातकट पाणी दिसलं तर तो गाळ, धूळ नाही. ओळखायची सोपी खूण अशी की गाळ किनाऱ्याला धरून असतो आणि ढगाखालीच राहतो, धूळ मात्र किनारा ओलांडून जमिनीवरही चालू दिसते.

आणखी एक, जे मला फार उपयोगी पडलं. सकाळी आणि संध्याकाळी, सूर्य खाली असताना, भूस्थिर सॅटेलाइटच्या फोटोत धूर जास्त ठळक दिसतो, दुपारी तोच धूर फिका पडतो. याचं कारण धुराचे कण प्रकाश पुढच्या दिशेला जास्त फेकतात. त्यामुळे "दुपारी धूर कमी झाला, संध्याकाळी परत वाढला" असं म्हणण्याआधी ऊन कुठल्या बाजूने येतंय ते बघा, कदाचित धूर तेवढाच आहे.

४. आग शोधा

धूर असेल तर आग कुठेतरी असणारच, ती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. वर्ल्डव्ह्यूमध्येच "फायर्स अँड थर्मल ॲनॉमलीज" लेयर चालू करा किंवा फर्म्स उघडा. सॅटेलाइट वरून गेल्यावर साधारण तीन तासात ठिपके येतात.

ठिपका वाचताना दोन गोष्टी. ठिपका म्हणजे पिक्सेलचा मध्य, आग बरोबर तिथेच आहे असं नाही, आणि पूर्ण पिक्सेल जळतोय असंही नाही, लहानशी पण कडक आगसुद्धा अख्खा पिक्सेल पेटवते. दुसरं, सगळे ठिपके वणवे नसतात. तेलविहिरींवरचे गॅसचे जळते पाइप, पोलाद कारखाने, ज्वालामुखी, हे सगळे ठिपक्यात येतात. मागच्या महिन्याभराचे ठिपके लावून बघा, रोज त्याच जागी ठिपका असेल तर तो कारखाना किंवा गॅस. आणि ढगाखालची किंवा दाट झाडीखालची आग सुटूनही जाऊ शकते, ठिपका नाही म्हणजे आग नाही असं कधीच लिहू नका.

मग रंगांची दुसरी जुळणी लावा, मोडिससाठी "७-२-१", व्हीर्ससाठी "एम११-आय२-आय१". यात झाडी हिरवीगार, पाणी काळं आणि जळालेली जमीन विटकरी दिसते, आणि गंमत म्हणजे धूर जवळजवळ पारदर्शक होतो. धुराचे कण एक मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) बारीक असतात, लांब तरंगलांबीच्या प्रकाशाला ते अडवत नाहीत, त्यामुळे धुराआड दडलेला आगीचा काठ उघडा पडतो. साधा फोटो आणि हा, दोन्ही कंपेअर मोडमध्ये लावून मधली पट्टी सरकवा. साध्या फोटोत आहे आणि इथे गायब होतंय, म्हणजे ढग नव्हे, धूर. ढग असा गायब होत नाही.

५. लूप बघा

हा भाग कुणी वगळू नये. स्लायडरवर तुमच्या भागाचा सॅटेलाइट निवडा, प्रॉडक्टमध्ये जिओकलर (दिवसा साध्या रंगीत फोटोसारखं दिसणारं चित्र) घ्या, वीस-तीस फ्रेम लावा आणि चालवा. स्थिर फोटोत ज्याच्यावरून तास-तासभर वाद होतो ते लूपमध्ये बऱ्याचदा एका नजरेत सुटतं. धूर एका जागेवरून सतत निघत राहतो. धुकं जागच्या जागी विरतं. ढग तयार होतात, मोडतात.

धुळीचे तर दोन वेगळे चेहरे लूपमध्येच कळतात. एक, कोरड्या तळ्यांवरून किंवा नदीच्या सुकलेल्या पात्रावरून जोराच्या वाऱ्याने उठणारी, ती ठरावीक जागांवरून पट्ट्या-पट्ट्यांनी निघते. चाडमधला बोडेले, इराण-अफगाणिस्तान सीमेवरची हामून तळी, अरल समुद्राचा उघडा पडलेला तळ, या जागा एकदा नीट बघून ठेवा, नंतर तसाच आकार कुठेही ओळखू येतो. दुसरा चेहरा म्हणजे हबूब. गडगडाटी ढगातून थंड हवा खाली आदळते आणि जमिनीवरून चहूकडे पसरताना धुळीची भिंत ढकलत नेते, वरून ती धनुष्यासारखी कमान दिसते, ढगापासून लांब लांब जाणारी. ५ जुलै २०११ ला फिनिक्स शहरावर आली ती अशीच. हबूब तास-दोन तासात शहर ओलांडतो, त्यासाठी रोजच्या एका फोटोची वाट बघण्यात अर्थ नाही.

वेगही काढता येतो. लोटाची पुढची कड दोन फ्रेममध्ये कुठे कुठे आहे ते टिपा, मधलं अंतर मोजा, वर्ल्डव्ह्यूमध्ये अंतर मोजायची पट्टी आहे. तीन तासात दीडशे किलोमीटर गेली तर ताशी पन्नास. तुमच्यापर्यंत यायला किती वेळ, हे साधं गणित, पण वारा तसाच राहिला तरच.

६. धुळीसाठी डस्ट आरजीबी, दिवसा आणि रात्रीही

रात्री साधा फोटो काळा. जिओकलर रात्री जे शहरांचे दिवे दाखवतं ते तेव्हाचे नसतात, आधीच तयार करून ठेवलेलं चित्र असतं, त्यावरून "धुरामुळे दिवे दिसेनात" असले निष्कर्ष काढू नका.

रात्री कामाला येतं ते डस्ट आरजीबी, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या चॅनेलना लाल, हिरवा, निळा रंग देऊन बनवलेलं चित्र. स्लायडर आणि युमेटव्ह्यू दोन्हीकडे आहे. वाळूतल्या सिलिकेटचा एक गुण असा की १०.८ मायक्रॉनची उष्णता तो १२ मायक्रॉनपेक्षा जास्त शोषतो, बर्फाच्या ढगांचं बरोबर उलट. या दोन चॅनेलच्या फरकावर लाल रंग बांधलेला असतो, त्यात ८.७ मायक्रॉनचा चॅनेल मिसळून हिरवा, आणि निळ्यात १०.८ चं तापमान. शेवटी धूळ गुलाबी-किरमिजी दिसते. जाड उंच ढग गडद तांबडे, पातळ सिरस (उंचावरचे बर्फाचे विरळ ढग) काळपट. हे तीन रंग ओळखता आले की अर्धं काम झालं.

पण तीन ठिकाणी फसायला होतं. रात्री जमीन थंड झाली की सगळ्या चित्राचा रंग बदलतो आणि जमिनीलगतची धूळ गुलाबीऐवजी जांभळट होते. हवेत बाष्प खूप असेल तर धुळीची खूण पुसट होते, त्यामुळे दमट किनारपट्टीवर लोट अचानक "संपल्यासारखा" दिसतो, तो संपलेला नसतो. आणि सगळ्यात मोठं, हे धुरासाठी चालत नाही. धुराचे कण इतके बारीक की दहा-बारा मायक्रॉनच्या उष्णतेला ते दिसतच नाहीत. डस्ट आरजीबीत काही नाही म्हणून हवा स्वच्छ असं समजू नका, वर धुराचा थर असू शकतो.

रात्री आगीसाठी फायर टेम्परेचर आरजीबी बघा, कमी तापमानाची आग लाल, जास्त तापली की पिवळी, मग पांढरी.

७. तरीही धूर की धूळ कळत नसेल तर

लांबचा, दोन-तीन दिवस जुना लोट असेल तर रंगावरून खरंच कळत नाही. तेव्हा कार्बन मोनॉक्साईड बघा. जळण्यातून तो निघतो, माती उडण्यातून निघत नाही. कोपर्निकस ब्राउजरमध्ये सेंटिनेल-५पी निवडा, तिथे कार्बन मोनॉक्साईड आणि एरोसॉल इंडेक्स (हवेतल्या धूर, धूळ, राखेच्या कणांचा आकडा) दोन्ही आहेत. एरोसॉल इंडेक्स वाढलाय आणि कार्बन मोनॉक्साईडही त्याच आकारात वाढलाय, तर धूर. इंडेक्स वाढलाय पण कार्बन मोनॉक्साईड जिथल्या तिथे, तर धूळ, किंवा जवळपास ज्वालामुखी असेल तर राख. फक्त हा वायू हवेत काही आठवडे टिकतो आणि शहरांतल्या गाड्या-कारखान्यांतूनही येतो, त्यामुळे नुसता आकडा न बघता आकार जुळतोय का ते बघायचं.

एरोसॉल इंडेक्सचा मोठा फायदा म्हणजे तो ढगांच्या वरचा धूरही दाखवतो आणि चकचकीत वाळवंटावरही चालतो. तोटा असा की तो उंचीवर अवलंबून असतो, तोच धूर उंच असला तर आकडा मोठा, जमिनीलगत असला तर लहान.

मग एओडी, म्हणजे वरपासून खालपर्यंतच्या हवेने किती प्रकाश अडवला त्याचा आकडा. ०.१ म्हणजे स्वच्छ, १ म्हणजे चांगलीच गढूळ. इथला सापळा फार वाईट आहे, लोट खूप दाट असेल तर गणित करणारा प्रोग्राम त्यालाच ढग समजून टाकून देतो, आणि नकाशात नेमकं सगळ्यात दाट जागी रिकामं भोक पडतं. रिकामं म्हणजे स्वच्छ नव्हे. शेजारी साधा फोटो उघडाच ठेवा. वाळवंटावर बघताना "डीप ब्लू" नावाचा लेयर घ्या, तो चकचकीत जमिनीसाठीच बनवलाय.

८. वर आहे की खाली आहे?

सॅटेलाइट वरून बघतो, आपण खाली राहतो. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण ९ सप्टेंबर २०२० चं सॅन फ्रान्सिस्को. भर दिवसा आकाश गडद नारिंगी, दिवे लावावे लागले, पण जमिनीवरची हवा त्या दिवशी दिसत होती तेवढी वाईट नव्हती, कारण धूर समुद्रावरून आलेल्या धुक्याच्या थराच्या वर अडकला होता. तो खाली उतरला तेव्हा पुढच्या दिवसांत हवा खरी बिघडली, आणि तोवर आकाशाचा रंग मात्र निवळला होता.

म्हणून जमिनीवरचे आकडे बघितल्याशिवाय कुणालाही "आज बाहेर पडू नका" किंवा "काही होत नाही" सांगू नका. सरकारी हवा-मोजणी केंद्रांचे तासा-तासाचे पीएम २.५ आणि पीएम १० (हवेतल्या २.५ आणि १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचं प्रमाण) बघा, बऱ्याच देशांचे आकडे ओपनएक्यूवर एकत्र मिळतात. दोन्ही आकडे सोबत बघा. पीएम २.५ एकदम चढलं आणि पीएम १० त्याच्या थोडंच वर असेल तर धूर. पीएम १० कितीतरी पटीने जास्त असेल तर धूळ, कारण धुळीचे कण मोठे. घरगुती स्वस्त सेन्सर धूर बरा पकडतात पण मोठी धूळ त्यांना नीट मोजता येत नाही, धुळीच्या वादळात त्यांच्यावर अवलंबून राहू नका.

घरात दम्याचं माणूस, लहान बाळ किंवा म्हातारं कुणी असेल तर हीच पायरी सगळ्यात आधी करा, फोटो नंतर.

९. कुठून आला, कुठे चाललाय

हायस्प्लिटमध्ये तुमची जागा, वेळ आणि तीन उंच्या टाका, ५००, १५०० आणि ३००० मीटर, आणि मागे जाणारी रेघ काढा. तिन्ही रेघा वेगवेगळ्या दिशेला गेल्या तर घाबरू नका, प्रत्येक उंचीवर वारा वेगळाच असतो. ज्या उंचीची रेघ आगीच्या ठिपक्यांवरून जाते ती तुमच्या लोटाची उंची असण्याची शक्यता जास्त.

पुढच्या दिवसांसाठी कॅम्स. त्यात धूळ वेगळी आणि जळणातून आलेले कण वेगळे दाखवतात. मॉडेल दिशा बऱ्यापैकी बरोबर देतं, दाटपणा आणि वेळ चुकू शकते, त्यामुळे रोज ताज्या लूपशी ताडून बघा. उत्तर अमेरिकेचं बघत असाल तर नोआ या अमेरिकेच्या सरकारी हवामान संस्थेची हझार्ड मॅपिंग सिस्टीमही घ्या, तिथे माणसं स्वतः फोटो बघून धुराच्या सीमा हलका, मध्यम, दाट अशा आखतात.

१०. पुढे पाठवण्याआधी

फोटोवर सॅटेलाइटचं नाव, तारीख, यूटीसी वेळ आणि कुठलं प्रॉडक्ट ते लिहा. रंग भडक करून पाठवू नका. डस्ट आरजीबी असेल तर हे खोटे रंग आहेत हे ठळक लिहा, नाहीतर गुलाबी पट्टा बघून लोक विषारी वायू समजतात.

सरावासाठी काही तारखा

वर्ल्डव्ह्यूमध्ये या तारखा टाका आणि वरच्या पायऱ्या एकेक करून लावा.

- २३ सप्टेंबर २००९, ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा : सिडनीवरची लाल धूळ, समुद्राशेजारी लांब पट्टा. रंग ओळखायला सगळ्यात सोपी.
- १ जानेवारी २०२०, ऑस्ट्रेलिया ते न्यूझीलंड : वणव्याचा धूर समुद्र ओलांडताना. ढगांवर पडलेली तपकिरी छटा शोधा.
- १७ ते २२ जून २०२०, अटलांटिक महासागर : सहाराची धूळ कॅरिबियनकडे जाताना. रोज कड कुठे आहे ते टिपून वेग काढा.
- ७ जून २०२३, क्युबेक आणि न्यूयॉर्क : आधी आगीचे ठिपके, मग धुराची वाट. ढग आणि धूर एकमेकांत मिसळलेत, त्यामुळे ही शेवटी करा, आणि ७-२-१ चालू-बंद करत धुराची कड पेनने कागदावर काढून बघा.